कोकणातले महामार्ग, उड्डाणपूल आणि टोल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत राहून गणपतीला, शिमग्याला गावी जाणारे चाकरमानी, हायवेला लागून घर किंवा बाग असलेले गाववाले आणि नव्या रस्त्याच्या मोजणीची नोटीस हातात पडलेले खातेदार, या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. टोलचे दर आणि सवलती बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याआधी त्या दिवसाचा दर पाहून घ्या. नियमांची चौकट मात्र सहसा टिकून राहते. ती माहीत असली की नाक्यावर वाद घालायची वेळ कमी येते, आणि आलीच तर काय बोलायचं ते ठाऊक असतं.

मुंबई–गोवा महामार्ग केंद्राचा की राज्याचा?

रस्ता राष्ट्रीय महामार्ग आहे, म्हणजे मालकी आणि पैसा केंद्राचा. काम मात्र दोन हातांत वाटलेलं आहे. पनवेलजवळच्या पळस्पेपासून माणगाव तालुक्यातल्या इंदापूरपर्यंतचा ८४ किलोमीटरचा टप्पा भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. इंदापूरपासून सिंधुदुर्गातल्या झारापपर्यंतचा लांबलचक टप्पा केंद्राच्या वतीनं राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग करतो, तोही वेगवेगळ्या पॅकेजांत, वेगवेगळ्या ठेकेदारांकडून. झाराप ते पत्रादेवी हा गोव्याच्या हद्दीपर्यंतचा तुकडा त्याआधीच चौपदरी झाला होता.

ही वाटणी लक्षात ठेवा. वडखळच्या खड्ड्याची तक्रार आणि लांज्याच्या खड्ड्याची तक्रार एकाच टेबलावर जात नाही. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला की तो महिनोन्महिने इकडून तिकडे फिरतो.

एनएच १७ आणि एनएच ६६ वेगळे आहेत का?

एकच. २०१० साली देशभर महामार्गांचे क्रमांक बदलले तेव्हा १७ चा ६६ झाला. पनवेलला सुरू होऊन हा रस्ता थेट कन्याकुमारीला जातो. जुन्या सातबाऱ्यावर, खरेदीखतावर १७ दिसला तर गोंधळू नका.

इतकी वर्षं का लागली? समृद्धी झाला, आमचा का नाही?

एकच कारण सांगून मोकळं होता येत नाही, पण काही कारणं खरी आहेत आणि काही नुसत्या सबबी.

खरं कारण पहिलं म्हणजे पाऊस. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. मातीकाम आणि भराव दसऱ्यानंतर सुरू होऊन मिरगाआधी आटपावा लागतो. त्यात एक हंगाम हुकला की वर्ष गेलं. दुसरं कारण जागा. इथं पठारावरून सरळ रेघ मारता येत नाही. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, मध्ये बाजारपेठ आणि तिच्या मागे कोकण रेल्वे. कर्नाळ्यात तर रस्ता पक्षी अभयारण्यातून जातो, तिथं वन आणि वन्यजीव परवानग्या लागतातच. तिसरं कारण जमीन, त्याबद्दल पुढे सविस्तर आहे.

पण या तिन्ही गोष्टी काम काढलं तेव्हाही माहीत होत्या. कोकणात पाऊस पडतो हे निविदा भरणाऱ्याला कळत नव्हतं असं कुणी म्हणू शकत नाही. पनवेल–इंदापूरचं काम २०११ च्या सुमारास ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धतीनं दिलं गेलं, म्हणजे ठेकेदारानं पैसा घालायचा आणि टोलमधून काढून घ्यायचा. ते काम रखडलं, पैसा अडकला, ठेकेदार बदलले आणि प्रत्येक बदलाबरोबर पुन्हा निविदा, पुन्हा मोजमाप, पुन्हा तारीख. दरम्यान जुना दुपदरी रस्ता उखडलेला आणि नवा झालेला नाही, अशा अवस्थेत लोकांनी पावसाळ्यामागून पावसाळे काढले. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाल्या, न्यायालयानं वारंवार खडसावलं, मुदती दिल्या गेल्या आणि उलटल्या.

मनावर घेतलं तर काय होतं त्याचंही उदाहरण याच रस्त्यावर आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीला पूर आला आणि ब्रिटिशकाळातला दगडी पूल वाहून गेला. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली या दोन एसटी गाड्या माणसांसकट गेल्या. त्यानंतर त्याच नदीवर नवा पूल सुमारे साडेपाच महिन्यांच्या कामात उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये, पुढचा पावसाळा लागण्याआधी, खुला झाला. नदी तीच आणि खातंही तेच होतं. त्यामुळे ‘कोकणात कामच होत नाही’ हे वाक्य मला मान्य नाही.

गावातून रस्ता नेताना काही ठिकाणी मातीचा भराव आणि काही ठिकाणी खांबांवरचा पूल, असं का?

सरळ हिशोब खर्चाचा. दोन्ही बाजूंनी भिंती उभारून मध्ये माती भरली की रस्ता उंचावर जातो आणि स्वस्तात जातो. खांबांवरच्या उन्नत रस्त्याला गर्डर (आडव्या तुळया), पिअर (खांब), खोल पाया आणि जास्त वेळ लागतो. म्हणून आराखडा करणारे शक्य तिथं भराव आणि नाइलाज तिथं खांब असं धोरण ठेवतात.

कोकणात मात्र हा हिशोब नुसत्या रुपयांत मांडता येत नाही, आणि या पानावर माझं एकच ठाम मत असेल तर ते हे आहे. चिपळूण, महाड, संगमेश्वर, खारेपाटण ही नदीकाठची, पुराची गावं आहेत. तिथं आडवा भराव घातला की तो बांधासारखा उभा राहतो. वरून येणारं पाणी मोऱ्यांतून जेवढं जाईल तेवढंच जातं, बाकीचं बाजारपेठेत आणि शेतात साचतं. शिवाय गावाचे दोन तुकडे पडतात. शाळा या बाजूला, वाडी त्या बाजूला, आणि मध्ये रस्त्याखालून जाणारा एक अरुंद बॉक्स ज्यात पावसाळ्यात गुडघाभर पाणी. खांबांवरच्या रस्त्याखालून पाणी जातं, गुरं जातात, रिक्षा थांबते, आठवडा बाजारही भरतो. जिथं दाट वस्ती आहे किंवा पूररेषा आहे तिथं जास्त खर्च करून खांबच हवेत. हे मागण्याची वेळ आराखडा ठरताना असते, माती पडल्यावर नसते. ग्रामसभेत रस्त्याचा नकाशा मांडला जाईल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा : इथं भराव आहे की खांब, आणि मोऱ्या किती व कुठे?

भरावाचा दुसरा धोका म्हणजे तो नीट न दाबता, पाण्याचा निचरा न ठेवता भरला तर भिंत फुगते. २०२० च्या पावसाळ्यात कणकवलीत उड्डाणपुलाला जोडणाऱ्या भरावाच्या भिंतीचा भाग असाच ढासळला होता. खांबांवरचा भाग उभा राहिला.

चिपळूणचा पूल बांधतानाच कोसळला. मग उन्नत रस्त्यावर भरवसा कसा ठेवायचा?

१६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळूणमध्ये बहादूरशेख नाक्याजवळ उड्डाणपुलाचे गर्डर आणि ते बसवणारा लाँचर कोसळला. सुदैवानं त्या वेळी खाली माणसं नव्हती. त्यानंतर पुलाचा आराखडा बदलला आणि दोन खांबांमधलं अंतर कमी केलं गेलं.

पुलाचं काम चालू असतानाचा काळ सगळ्यांत नाजूक असतो, कारण गर्डर अजून एकमेकांना बांधलेले नसतात आणि वरचा स्लॅब पडलेला नसतो. पूर्ण झालेला पूल त्याहून कितीतरी स्थिर असतो, त्यामुळे तयार पुलावरून जायला घाबरू नका. पण चालू कामाखालून, ‘जरा दोन मिनिटांत निघतो’ म्हणून बॅरिकेड सरकवून गाडी घालू नका. ठेकेदाराकडूनही काम चालू असलेल्या स्पॅनखालची (दोन खांबांमधल्या भागाखालची) वाहतूक पूर्ण बंद ठेवण्याची मागणी करा, मग बाजाराचा दिवस असो नाहीतर नसो.

कशेडी घाट आता चढावा लागतो का? आणि परशुराम घाटाचं काय?

पोलादपूर आणि खेडच्या दरम्यान कशेडीला दोन समांतर बोगदे काढले आहेत, प्रत्येकी साधारण दोन किलोमीटरचे. जिथं ट्रकच्या मागे अर्धा-पाऊण तास जायचा तिथं आता दहा-पंधरा मिनिटांत पार होता येतं. २०२३ च्या गणपतीत पहिल्यांदा एक बोगदा हलक्या गाड्यांसाठी उघडला होता. दिवे लावून, वेग आवरून चालवा. पावसाळ्यात आत पाणी ठिबकतं आणि रस्ता ओला असतो.

परशुराम घाटात बोगदा नाही. तिथं डोंगर कापून रुंदी वाढवली आहे, आणि कोकणातला डोंगर म्हणजे वर जांभा आणि खाली मऊ चिकणमाती. उभा काप घेतला की पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपून मातीवर साचतं आणि दरड सुटते. २०२२ च्या उन्हाळ्यात कटाईसाठी हा घाट रोज काही तास बंद ठेवावा लागला होता. जुलै-ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस असेल तर रात्री घाट उतरायचं टाळा, निघण्याआधी महामार्ग पोलिसांची सूचना बघा. खेडच्या भोस्ते घाटातलं वळणही फसवं आहे, तिथं उताराला गाडी न्यूट्रलवर टाकू नका.

रस्ता अपुरा असताना टोल घेता येतो का?

राष्ट्रीय महामार्गावरचा टोल २००८ च्या शुल्क नियमांनुसार घेतला जातो. रस्त्याचा टप्पा पूर्ण झाला की वसुली सुरू करायची, असा त्याचा गाभा. इथं ‘टप्पा’ म्हणजे त्या नाक्याशी जोडलेला तुकडा, अख्खा मुंबई–गोवा रस्ता नव्हे. त्यामुळे रायगडात खड्डे असतानाही सिंधुदुर्गात नाका सुरू करण्याचा कागदोपत्री अधिकार प्रशासनाला मिळतो. कणकवली तालुक्यातल्या ओसरगाव आणि राजापूरजवळच्या हातिवले इथं नाके बांधून झाल्यावर वसुली सुरू करण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले ते याचमुळे. नियमाच्या अक्षरावर बोट ठेवून मुंबईपर्यंतचा प्रवास मोजता येत नाही, पण प्रवास करणारा माणूस पूर्ण रस्ता चालवतो. त्याला तुकडा दिसत नाही.

न्यायालयांचा कलही आता बदलतो आहे. केरळमध्ये पालियेक्करा नाक्यावर रस्त्याची दुर्दशा असताना चालू असलेली वसुली केरळ उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये काही काळ थांबवली, आणि त्या आदेशात हस्तक्षेप करायला सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. खड्ड्यांतून चालवणाऱ्या नागरिकाकडून पैसे घेत राहणं योग्य नाही, हा त्यातला मुद्दा आपल्या कामाचा आहे. आपल्याकडे निवेदन देताना त्या निकालाचा उल्लेख जरूर करा, सोबत तारखेसह फोटो जोडा.

टोल दिला नाही तर ठेकेदार दुरुस्ती कशी करणार, असं नाक्यावर सांगतात. खरं आहे का?

इंदापूरच्या पुढच्या बऱ्याच पॅकेजांना हे लागू होत नाही. ती ‘हायब्रिड ॲन्युइटी’ पद्धतीची आहेत. त्यात बांधकामाच्या काळात खर्चाचा ४० टक्के भाग सरकार देतं आणि उरलेले पैसे ठेकेदाराला पुढच्या सुमारे पंधरा वर्षांत हप्त्यांनी मिळतात. त्या काळातली देखभाल त्याच्याच गळ्यात असते. टोलचा पैसा सरकारकडे जातो, नाक्यावर बसलेली एजन्सी नुसती गोळा करते. म्हणून तुमचा टोल जमो वा न जमो, खड्डा बुजवणं हे करारानं बांधलेलं काम आहे.

आम्ही नाक्यापासून चार किलोमीटरवर राहतो. आम्हाला माफी मिळते का?

पूर्ण माफी नियमात नाही, मासिक पास आहे. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याच्या बिगरव्यावसायिक गाडीला तो मिळतो. २००७-०८ साली दर १५० रुपये ठरला होता, दरवर्षी १ एप्रिलला वाढत २०२५-२६ साठी तो ३५० रुपये झाला. आधार, गाडीचं आरसी बुक आणि फास्टॅग घेऊन नाक्यावरच्या कार्यालयात जायचं.

एक अट फारसं कुणी सांगत नाही. सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता उपलब्ध असेल तर पास नाकारता येतो. त्यामुळे नाक्याला लागून खरोखर वापरण्याजोगा सर्व्हिस रोड आहे का, हे आधी पाहा. असेल तर टोलच लागत नाही, नसेल तर पास हा तुमचा हक्क. जिल्ह्यातच नोंदलेल्या, नॅशनल परमिट नसलेल्या व्यावसायिक गाड्यांना त्याच अटीवर निम्मा दर आहे. आंबा-काजू वाहणाऱ्या छोट्या टेम्पोवाल्यांनी हे विचारून घ्यावं. दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टरला राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही.

आणखी दोन आकडे लक्षात असू द्या. एकाच रस्त्यावर एका दिशेनं दोन नाक्यांत साधारण ६० किलोमीटर अंतर हवं, आणि नाका नगरपालिका हद्दीपासून १० किलोमीटर बाहेर हवा. याहून जवळ बसवायचा तर लेखी कारण नोंदवावं लागतं. ते कारण माहिती अधिकारात मागता येतं.

पूल, बोगदे, उन्नत रस्ता जास्त असेल तिथं टोल जास्त का?

कारण दर ठरवताना साध्या रस्त्याचा एक किलोमीटर आणि पुलाचा एक किलोमीटर सारखा धरत नाहीत. पूर्वी पूल, बोगदा, उड्डाणपूल यांची लांबी दहापट धरून ती उरलेल्या रस्त्यात मिळवत. समजा ४० किलोमीटरचा तुकडा पूर्णपणे खांबांवर आहे, तर टोल ४०० किलोमीटरचा लागायचा. जुलै २०२५ मध्ये केंद्रानं हे बदललं. आता दोन आकडे काढायचे : एक म्हणजे बांधकामाच्या लांबीची दहापट अधिक उरलेला रस्ता, दुसरा म्हणजे पूर्ण तुकड्याच्या लांबीची पाचपट. यांतला कमी असेल तो धरायचा. वरच्या उदाहरणात ४०० ऐवजी २०० आला, म्हणजे थेट निम्मा.

कोकणात नद्या आणि घाट इतके, की हे सूत्र इथं कुठल्याही सपाट जिल्ह्यापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. आपल्या नाक्याच्या तुकड्यात पुलांची लांबी किती धरली आहे, हे शुल्काच्या अधिसूचनेत छापलेलं असतं. कुणीतरी गावातल्या तरुणानं बसून ते ताडून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

तीन हजारांचा वार्षिक पास कोकणात चालतो का? अटल सेतूवर?

१५ ऑगस्ट २०२५ पासून खाजगी कार, जीप, व्हॅनसाठी, सुरुवातीला ३,००० रुपयांत, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी संपेल ते, असा फास्टॅग पास आहे. तो राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवरच चालतो. अटल सेतू आणि मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या यंत्रणांचे, तिथं नेहमीप्रमाणे पैसे कापले जातात. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं. शिवडी ते चिर्ले २१.८ किलोमीटर, त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. कारला एका वेळचे २५० रुपये. दुचाकी आणि रिक्षाला बंदी. दक्षिण मुंबईतून निघणाऱ्याला वाशी-पनवेलचा गर्दीचा भाग टळतो. बोरिवली-ठाण्याहून येणाऱ्यानं त्यासाठी वाकडी वाट करू नये.

गणपतीत टोल माफ असतो ना?

गेली काही वर्षं राज्य सरकार गणेशोत्सवात कोकणात जाणाऱ्या गाड्यांना माफी जाहीर करतं. ती आपोआप मिळत नाही. आरटीओ, वाहतूक शाखा किंवा पोलीस ठाण्यातून गाडी क्रमांकाचा पास घेऊन काचेवर लावावा लागतो. परतीच्या प्रवासापर्यंत तो जपून ठेवा.

सागरी महामार्ग, कोकण द्रुतगती आणि शक्तिपीठ, हे सगळं एकच आहे का?

नाही, तिन्ही वेगळे.

रेवस–रेड्डी सागरी महामार्ग किनाऱ्यालगतचा. ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनची. अडतं ते खाड्यांशी. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, दाभोळ, जयगड, एकामागून एक खाडी, आणि आज दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला अशा फेरीबोटींवर गाड्या चढवून लोक पलीकडे जातात. पूल झाले की गुहागरचा माणूस दापोलीला जेवून संध्याकाळी परत येईल. बाणकोट खाडीत अर्धवट उभे राहिलेले खांब मात्र बरीच वर्षं तसेच आहेत. किनाऱ्यावरचे सडे (जांभ्याची उघडी पठारं) आणि त्यांवरची कातळशिल्पं हा या रस्त्याचा नाजूक विषय. ही शिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आखणी करताना सड्यावर एकही शिल्प बुलडोझरखाली जाऊ नये, यासाठी ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतल्या शिल्पांची नोंद आधीच करून ठेवावी.

कोकण द्रुतगती महामार्ग हा राज्य रस्ते विकास महामंडळाचा नवा, नियंत्रित प्रवेशाचा प्रस्ताव. पेण तालुक्यातल्या बलवलीपासून पत्रादेवीपर्यंत, आत्ताच्या ६६ पेक्षा वेगळ्या जमिनीतून. शक्तिपीठ महामार्गही प्रस्तावच. त्याची मूळ आखणी वर्ध्याच्या पवनारपासून सुमारे ८०० किलोमीटर येऊन गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला संपणारी. त्याला कोल्हापुरात मोठा विरोध झाला आहे.

जमिनीची नोटीस आली. पहिलं काय करायचं?

नोटीस कुठल्या कायद्याखाली आहे ते वाचा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १९५६ चा कायदा, राज्याचा असेल तर बहुधा १९५५ चा महाराष्ट्र महामार्ग अधिनियम. पहिल्यात कलम ३अ ची अधिसूचना निघाल्यापासून हरकतीला २१ दिवस मिळतात. हे दिवस मुंबईत बसून निघून जातात, आणि गावचा भाऊ ‘काकांना विचारतो’ म्हणत राहतो. म्हणून घरातल्या एकाला आजच अधिकारपत्र द्या.

कोकणातली खरी अडचण सामाईक सातबारा. आजोबांच्या नावावर जमीन, वारस पाच घरांत विखुरलेले, निम्म्यांच्या नोंदी नाहीत, वर कुळाचा हक्क. निवाडा झाला तरी पैसे वाद मिटेपर्यंत अडकतात. वारसनोंद आणि आपसांतली संमती मोजणीआधीच करा. मोजणीला स्वतः हजर राहा. हापूसची, काजूची, नारळ-सुपारीची झाडं वय आणि उत्पन्न देणारी की नाही यासह लिहून घ्या. विहीर, गडगा, पाट, गोठा, सगळं पंचनाम्यात यायला हवं. मोबदल्यात १०० टक्के दिलासा रक्कम आणि ग्रामीण भागाचा गुणक (बाजारभावाला ज्या आकड्यानं गुणतात तो) किती धरला आहे ते निवाड्यात तपासा. रक्कम कमी वाटली तर लवादाकडे जाता येतं. लवादाच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयात जायला तीन महिन्यांची मुदत आहे. ती चुकवू नका.

तक्रार नेमकी कुठे करायची?

राष्ट्रीय महामार्गावर अपघात, बंद गाडी किंवा मोठा खड्डा यासाठी १०३३ हा क्रमांक चोवीस तास चालतो. लेखी तक्रार पळस्पे–इंदापूर टप्प्यासाठी महामार्ग प्राधिकरणाच्या प्रकल्प कार्यालयाकडे आणि इंदापूरच्या पुढे बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे. केंद्राच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवरही टाका, नोंदणी क्रमांक मिळतो. जागा सांगताना ‘नाक्याच्या पुढे वडाच्या झाडाजवळ’ असं न लिहिता रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटर आकडा लिहा. मोरी तुंबली असेल तर मे महिन्यातच कळवा, कारण जूनमध्ये तिथं माणूस पाठवणं त्यांनाही जड जातं.